मुंबईत येऊन बीए केल्याने खरंच काही फरक पडतो का?

तू सावंतवाडीहून विचारलंयस की बारावी आर्ट्स झालं, मुंबईत बीए करायची इच्छा आहे, पण घरचे म्हणतात, "आर्ट्सच करायचं तर इथे कर, तिथे जाऊन कसलं कॅम्पस लाइफ आणि कसली अचीव्हमेंट?" मी एल्फिन्स्टनला इतिहासात बीए केलं, आता उपनगरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तुझ्या वयाची मुलं रोज समोर असतात, म्हणून सरळ 'तू'च म्हणते.

घरच्यांचं एक म्हणणं अगदी बरोबर आहे. मुंबई विद्यापीठाची हद्द सिंधुदुर्गापर्यंत जाते. सावंतवाडीतच पंचम खेमराज कॉलेजला बीए केलंस काय किंवा माटुंग्याला रुईयात केलंस काय, पदवी मुंबई विद्यापीठाचीच. (एल्फिन्स्टन मात्र आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहे.) तेव्हा नुसत्या सर्टिफिकेटसाठी इतका खर्च करून मुंबईत येऊ नकोस. यायचं तर दुपारसाठी ये.

आर्ट्सची लेक्चर्स साधारण सकाळी सुरू होतात आणि दुपारपर्यंत आटोपतात. सायन्सवाले प्रॅक्टिकलला पळतात, आपण मोकळे. ही मोकळी दुपार कशात गेली, त्यावर बीएची सगळी वर्षं ठरतात, असं माझं ठाम मत आहे. मुंबईच्या आर्ट्स कॉलेजांना हिरवळीचे मोठे कॅम्पस नाहीत. कलिन्याला विद्यापीठाचा आहे, पण तिथे मुख्यतः एमए आणि पुढचं. बीएवाल्यांचा कॅम्पस म्हणजे कॉलेजच्या गेटबाहेर चालत जाता येईल तेवढी मुंबई.

माझ्या कॉलेजचंच बघ. काळा घोड्याला गेटबाहेर पडलं की शेजारी डेव्हिड ससून लायब्ररी, समोर जहांगीर आर्ट गॅलरी, जिथे आत जायला पैसे पडत नाहीत. पलीकडे वस्तुसंग्रहालय. थोडं चाललं की विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीची लायब्ररी. पण खरा खजिना कॉलेजच्याच इमारतीत आहे, राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेच्या वखारीपासूनची दप्तरं तिथे आहेत. जगभरचे संशोधक तिथे येऊन बसतात आणि आपण एक जिना चढून-उतरून तिथे पोचतो. एसवायला, म्हणजे बीएच्या दुसऱ्या वर्षाला, एका मॅडमनी आम्हाला तिथे नेलं. मागणीची चिठ्ठी भरून दिली, बऱ्याच वेळाने शिपाईकाकांनी १८९६ च्या प्लेगच्या फायलींचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. कडा तपकिरी झालेल्या, पान उलटताना कोपरा बोटाला लागून तुटेल की काय अशी धास्ती. आत घरं रिकामी करण्याचे हुकूम आणि लोकांचे अर्ज. पाठ्यपुस्तकात प्लेगवर एक परिच्छेद होता. इथे एकेका माणसाचा अर्ज होता, सहीसकट. इतिहास हाच विषय घ्यायचा, हे माझं त्या टेबलावर ठरलं.

सगळ्यांची दुपार अशीच जावी असं मुळीच नाही. माझी मैत्रीण दुसऱ्या कॉलेजात होती, तिची नाटकाच्या तालमीत जायची. एकांकिकांचं हे जग बाहेरून कळत नाही. लेक्चर संपली की वर्गातले बेंच भिंतीला लावायचे आणि वॉचमन किल्ल्या वाजवत दारात येईपर्यंत तालीम. कुणी लिहितंय, कुणी लाइट्स बघतंय, कुणी सेट टेम्पोत चढवतंय. 'सवाई' या एकांकिका स्पर्धेला तर इतर स्पर्धांत पहिल्या आलेल्या एकांकिकाच उतरतात, आणि २५ जानेवारीची अख्खी रात्र थिएटर "अरे आवाज कुणाचा" ने दणाणत असतं. मराठी रंगभूमीवरची आणि मालिकांतली किती माणसं या स्पर्धांतून आली! तिथे बॅकस्टेज केलेल्या मुलीला वेळेचं आणि माणसांचं जे गणित जमतं, ते कुठल्याही पेपरात विचारत नाहीत. झेवियर्सचा 'मल्हार' हा फेस्टही मुलंच उभा करतात. तिथे मिळालेला अनुभव नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखा असतो.

अचीव्हमेंटचं विचारलंस. कॉलेजची माहितीपत्रकं जुन्या नावांनी भरलेली असतात. एल्फिन्स्टनला तर तोटाच नाही: दादाभाई नौरोजी तिथे प्राध्यापक होते, न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर तिथलेच विद्यार्थी, १८६२ च्या पहिल्या पदवीधरांतले. मला सगळ्यात जवळचे वाटतात ते बाबासाहेब. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून, सयाजीराव गायकवाडांच्या महिना २५ रुपये शिष्यवृत्तीवर ते शिकले आणि १९१२ ची परीक्षा देऊन अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रात बीए झाले. घरी "आर्ट्समध्ये काय आहे" असं म्हणाले तर हे जरूर सांग. पण नावं बघून कॉलेज निवडू नकोस. कामकाजाच्या दिवशी दुपारी दोनला तिथे जा. लायब्ररीत मुलं बसलीत का, नोटीस बोर्डावर या महिन्याचं काही लागलंय का, एखाद्या वर्गातून तालमीचा आवाज येतोय का, एवढं बघ. नोटीस बोर्डावर फक्त फीची मुदत आणि हजेरी कमी असलेल्यांची ब्लॅकलिस्ट असेल तर तिथली दुपार रिकामी आहे.

तुझ्यासाठी सगळ्यात आधी होस्टेल. बदलापूर किंवा विरारला नातेवाइकांकडे राहून रोज लोकलने दक्षिण मुंबईत यायचं म्हणशील, तर दुपार गाडीतच जाईल. गर्दीच्या आधी परत निघायची घाई सुरू झाली की तालीमही सुटते आणि लायब्ररीही. होस्टेल मिळत नसेल तर राहण्याच्या जागेपासून जवळचं कॉलेज घे, नाव मोठं नसलं तरी चालेल. एसएनडीटीचाही विचार कर. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं हे महिला विद्यापीठ चर्चगेटला आहे, आणि मुलींसाठी होस्टेलही आहे.

आता मेजर-मायनर (एक मुख्य विषय, एक जोडविषय) आल्यामुळे विषय जुळवायलाही मोकळीक आहे. मराठी मेजर आणि इतिहास मायनर, किंवा उलट, दोन्ही चांगलं. इतिहास घेणार असशील तर सुट्टीत मोडी शीक, पुराभिलेख खातं त्याचे वर्ग घेतं. सावंतवाडीसारख्या संस्थानी गावात कितीतरी घरांत मोडी कागद पडून असतील. आजीला विचार तुमच्याकडे आहेत का.