‘पाणी किती झालं?’

सांगली

चि.स,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अभ्यासिकेत पुस्तक उघडलं की छाती धडधडते, हात गार पडतात आणि उरलेला दिवस ‘आता परत होईल का’ या धास्तीत जातो. माझ्या मते खरा त्रास या धास्तीचाच आहे. अ‍ॅड्रेनलिन वाढलं की हृदय पळतं, श्वास उथळ होतो. ते बहुधा आपसूक ओसरतंही. आपण मात्र त्यावर पहारा बसवतो. ऑगस्टमध्ये आपल्याकडे घरोघरी चालतं ना, ‘आयर्विन पुलाला पाणी किती झालं?’ ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका, पोराटोरांनाही पाठ. पण सारखं विचारून कृष्णा इंचभरही उतरत नाही, आपली झोप तेवढी उडते.

म्हणून लक्षाला दुसरं काम दे. संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं चालत जा. इयरफोन घरी ठेव. (ते कानात खुपसून ‘निसर्गात फिरून आलो’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.) ‘छान आहे’ म्हणून पुढे जायचं नाही. वाटेतली एखादी जुनी चिंच धर. सालीच्या भेगा कशा गेल्यात, मुंगळे चढताहेत की उतरताहेत? अंधारून येताना तिची पानं मिटतात. जोडीतली दोन्ही पानं एकदमच मिटतात का, बघ. संगमेश्वराच्या घाटावर पायरीला तळहात लाव, दुपारचं ऊन दगडात अजून आहे का? वारणा कृष्णेला मिळते तिथे दोन पाण्यांचे रंग वेगळे ओळखू येतात का?

मन मध्येच परीक्षेकडे पळेल. पळू दे, चरफडू नकोस, परत झाडाकडे आण. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जरा लांबव, त्यानं हृदयाची गती मंदावते. फक्त ‘कमी झालं का’ हे तपासत बसू नकोस; तेही पुलावर जाऊन पाणी मोजणंच.

दोन दिवसांत गुण येईल असं मात्र नाही. बौद्ध ध्यानपरंपरेचा आधार घेऊन जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी असाच अभ्यासक्रम सुरू केला, तोही ८ आठवड्यांचा आहे.

आणि जेवण, झोप बिघडून दोन आठवडे झाले असतील, तर चिंचेच्या भरवशावर राहू नकोस, डॉक्टरांना दाखव. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीसुद्धा लागतो, मराठीत बोलता येतं. घरी सांगायला अवघड वाटत असेल तर मी आईशी बोलेन.

रविवारी सकाळी घरीच आहे. ये.