कुंडीतली बाग: प्रश्नोत्तरे

कुंडीच्या तळाशी दोन-तीन इंच विटांचे तुकडे घालतो. तरी पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि झाडं मुळाशी कुजतात. थर वाढवू का? (ठाणे)

उलट, काढून टाका. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाली, तरच ते खाली झिरपतं. एरवी कुंडीच्या बुडाशी राहणारी ओल थर घातल्यामुळे तेवढी वर सरकते आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवली किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकला की पुरे. काम फक्त माती अडवण्याचं आहे.

विटांचे तुकडे हवेतच असतील तर वाटाण्याएवढे करून सगळ्या मिश्रणात कालवा. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), वर 12 इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकणपट्टीच्या पावसात कोकोपीट निम्म्यावर आणून त्या जागी विटांचा चुरा घाला. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. दोनदा भिजवून पिळून घ्या. कुंडी विटेच्या तुकड्यांवर इंच-दोन इंच उचललेली असावी. जून ते सप्टेंबर खालच्या ताटल्या सरळ काढून ठेवा, त्यात डासही होतात.

टोमॅटो हिरवा असतानाच बुडाशी काळा, खोलगट डाग पडतो. अंड्याची टरफलं घातली, फरक नाही. (पुणे)

हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकाची बाटली आणू नका. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तिथल्या पेशी मरतात. मातीत कॅल्शियम बहुधा असतंच. ते पाण्याबरोबर वर चढतं, आणि एक दिवस कुंडी कोरडी ठणठणीत, दुसऱ्या दिवशी लोटाभर पाणी, असं चाललं की पुरवठा तुटतो. टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, तोवर हंगाम संपलेला असतो.

आधी कुंडी तपासा. टोमॅटोला किमान 15 लिटरची जागा लागते. आठ इंची कुंडीतलं झाड मार्च-एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत मान टाकणारच. मातीवर दोन इंच पाचट किंवा वाळका पालापाचोळा अंथरा. सकाळी, तळातून निथळेपर्यंत पाणी द्या. बोट दोन पेरं खुपसून ओल लागली तर त्या वेळी थांबा. युरियाचा हात आखडता घ्या, कारण त्यातल्या नत्राने (नायट्रोजनने) पानं माजतात आणि कॅल्शियम तिकडेच जातं. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. सुधारणा नव्याने धरलेल्या फळांवर दिसेल.

कढीपत्त्याची पानं पिवळी पडतात. ताक घालावं का? (छत्रपती संभाजीनगर)

कुठली पानं पिवळी, यावर उत्तर अवलंबून आहे. खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे. दोन मुठी गांडूळखत घाला. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाही. बोअरच्या जड पाण्यावरच्या कुंड्यांत हे नेहमी दिसतं. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि 1 ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. शक्य असेल तेव्हा पावसाचं पाणी द्या.

ताकाने थोडा आंबटपणा येतो, पण तो टिकत नाही. घालायचंच तर दहापट पाण्यात, लोणी पूर्ण काढलेलं, महिन्यातून एकदा. घट्ट ताकाने मातीवर बुरशी आणि मुंग्या तेवढ्या येतात. झाड तीन वर्षं त्याच कुंडीत असेल तर बाहेर काढून मुळं बघा. ती गोल गुंडाळलेली असतील तर बाहेरचा एक इंच छाटून मोठ्या कुंडीत लावा.

जास्वंदीवर पांढरा कापूस. (कोल्हापूर)

पिठ्या ढेकूण. जास्त लागलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून टाका, बाकी झाड पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण नीट घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालूनही फवारा. सात दिवसांच्या अंतराने तीनदा. एकदाच फवारून सोडलं तर अंड्यांतून नवी पिल्लं येतात. मुंग्यांची रांगही तोडा, कारण ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्याच त्यांना राखतात.

गच्चीवर 200 लिटरच्या ड्रमात आंबा लावला तर चालेल? (नाशिक)

झाडाला चालेल, स्लॅबचं विचारून घ्या. ओल्या मातीसह असा ड्रम अडीचशे किलोच्या पुढे जातो. इमारतीच्या अभियंत्याला दाखवल्याशिवाय ठेवू नका, आणि ठेवलात तर तुळईवर किंवा खांबाशेजारी, स्लॅबच्या मधोमध नाही.