सीटीसी, मार्जिन आणि बँकेचं पत्र

देवगड तालुक्यातून बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा: "मॅडम, दहावीपर्यंत माझं मराठी माध्यम. कॅम्पस इंटरव्ह्यूत 'व्हॉट इज युवर एक्स्पेक्टेड सीटीसी?' असं विचारलं. सीटीसी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, गप्प बसले. घरी बाबांचा कोकम आगळ, आमरस आणि काजूगरांचा छोटा धंदा आहे. काजू फोडायच्या मशिनसाठी कर्ज मंजूर झाल्याचं बँकेचं इंग्रजी पत्र आलंय. बाबा म्हणाले, 'ह्येच्यात काय लिवलला आसा ता माका सांग.' मला नीट सांगता आलं नाही. बिझनेस इंग्लिशच्या शब्दांचं पुस्तक आणलंय, रोज वीस शब्द पाठ करते आणि आठवड्यात विसरते. कणकवलीला क्लास लावू का? आणि पुढे घरच्या धंद्याचं स्टार्टअप करायचं तर कोणते शब्द यायला हवेत?"

प्रिय मुली,

ते पुस्तक तूर्त कपाटात ठेव. त्यात 'ऑक्शन'नंतर 'ऑडिट' येतो तो केवळ अक्षरक्रमाने, तुझ्या कामाच्या क्रमाने नव्हे. रोजच्या वीसपैकी एखादा जरी त्या आठवड्यात कुठे भेटला असता, तर तो लक्षात राहिला असता. तुझ्या घरात आत्ता याहून चांगलं पाठ्यपुस्तक पडलेलं आहे. बँकेचं ते पत्र. त्यावर बाबांची सही व्हायची असेल, तर आज रात्रीच घेऊन बस.

बी.कॉम.ला असल्यामुळे प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल, टेन्युअर म्हणजे मुदत, ईएमआय म्हणजे हप्ता हे तुला येतंच. अडचण पुढच्या शब्दांत आहे. 'मोरेटोरियम' दिसला की घरात सगळे खूश होतात, की सहा महिने काही भरायचं नाही. हप्ता थांबतो हे खरं, पण व्याज साधारणपणे चालूच असतं. ते त्या काळात दरमहा भरायचं की मुद्दलात मिळवलं जाणार, हे शाखेत विचारून पत्राच्या समासात लिहून ठेव.

मग 'हायपोथिकेशन' आणि 'मॉर्गेज'. मराठीत आपण दोन्हीला तारण म्हणून मोकळे होतो. हायपोथिकेशन चल वस्तूंवर होतं. मशिन, काजूचा साठा तुमच्याच ताब्यात आणि वापरात राहतात, पण त्यावर बँकेचा हक्क बसतो. मॉर्गेज स्थावराचं असतं, म्हणजे घर, जमीन, कलमांची बाग. त्याची नोंद सातबाऱ्यावर बोजा म्हणून येते. तिसरा शब्द 'प्लेज'. सोनं ठेवून कर्ज काढतो तसं, वस्तूच बँकेच्या ताब्यात जाते. तुमच्या पत्रात यातला कोणता शब्द आहे, हे बाबांना सांगता आलं तरी निम्मं काम झालं. आणि 'कोलॅटरल' असा शब्द असेल तर थांब. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या निदान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी असं जादा तारण मागू नये, ही रिझर्व्ह बँकेची सूचना २०१० पासूनची आहे. मशिनचं कर्ज त्या आत असेल आणि तरी बाग लिहून मागितली असेल, तर कारण विचारायला संकोच करू नका.

सगळ्यात फसवा शब्द 'मार्जिन'. दुकानदार म्हणतो, "मला पंधरा टक्के मार्जिन हवं", तेव्हा तो त्याचा नफा. बँकेच्या पत्रात मार्जिन म्हणजे मशिनच्या किमतीतला तुमच्या खिशातून जाणारा वाटा. आणि पीएमईजीपी या सरकारी योजनेच्या कागदांत 'मार्जिन मनी' म्हणजे चक्क अनुदान. तेही हातात मिळत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि मग कर्जात वळतं. अनुदान आलं असं समजून ते खर्चात धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. शब्दकोशात यातला एकच अर्थ पाठ केला असतास तर उपयोगापेक्षा घोटाळाच जास्त झाला असता.

'टर्म लोन' आणि 'कॅश क्रेडिट' हा फरक तर तुमच्या धंद्यासाठीच केलेला आहे म्हण. मशिन एकदाच घ्यायचं, ते टर्म लोन. पण काजूची बी उन्हाळ्यात रोखीने घ्यावी लागते, आणि गर विकले जातात पुढे गणपतीपर्यंत, दिवाळीपर्यंत, चाकरमानी येतील तसे. कोकमाचं तेच. पाऊस लागायच्या आत फळं गोळा करायची आणि आगळ वर्षभर विकायचं. मधले महिने पैसा मालात अडकलेला. या अडकलेल्या पैशाला 'वर्किंग कॅपिटल' म्हणतात आणि त्यासाठी कॅश क्रेडिट मागायचं असतं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे काढायचे आणि विक्री झाली की परत भरायचे. नुसतं मशिनचं कर्ज घेतलं आणि बी घ्यायला हातात पैसा उरला नाही, तर मशिन झाकून ठेवावं लागतं. बाबा हे सगळं अनुभवाने जाणतात, त्यांना फक्त शब्द माहीत नाहीत. तुझं उलटं आहे. म्हणून दोघांनी मिळून वाचा.

आता इंटरव्ह्यू. सीटीसी म्हणजे 'कॉस्ट टू कंपनी', कंपनीला तू वर्षाला एकूण कितीला पडतेस तो आकडा. तो पगार नव्हे. समज, दोन लाख चाळीस हजार सीटीसी सांगितली. बारा महिन्यांनी भागून घरी "वीस हजार मिळणार" असं सांगू नकोस. बेसिक १२,००० धरलं तर कंपनीने भरायचा बारा टक्के पीएफ १,४४०, तो बऱ्याच ठिकाणी याच आकड्यात मोजतात. ग्रॅच्युइटीचे साधारण ५७७ सुद्धा. राहिले सुमारे १७,९८३, तो 'ग्रॉस'. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,४४०. हातात येतात साडेसोळा हजारांच्या आसपास, ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू असेल तर आणखी थोडे कमी. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना प्रोफेशनल टॅक्स नाही, तेवढी कपात तुला नाही. मुंबईत किंवा गोव्यात खोली भाड्याने घ्यायची तर हिशोब या साडेसोळाचा करायचा.

तो प्रश्न पुन्हा आला तर गप्प बसण्यापेक्षा उलट विचार: "मे आय नो द बजेट फॉर धिस पोझिशन?" हे उद्धट नाही. आकडा सांगायचाच असेल तर "आय अॅम लुकिंग फॉर अराउंड एटीन थाउजंड इन हँड" म्हण. दोनच वाक्यं, पण मोठ्याने म्हणून तयार ठेव. ऑफर लेटर हातात आलं की आणखी तीन शब्द शोध: 'प्रोबेशन' म्हणजे पारखण्याचा काळ किती महिने, त्यात आणि त्यानंतर 'नोटीस पिरियड' किती, आणि 'बॉन्ड' आहे का. बॉन्ड असेल तर किती काळाचा आणि मध्येच सोडलं तर किती रक्कम, हे सही करण्याआधी वाचायचं. आनंदाच्या भरात हे कोणी वाचत नाही.

सुटे शब्द विसरण्याचं आणखी एक कारण आहे. शब्दाबरोबर त्याचे जोडीचे शब्द तू घेतले नाहीस. नोकरीसाठी 'अप्लाय फॉर', कंपनीकडे 'अप्लाय टू'. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको. मराठीत आपण मुलाखत देतो, म्हणून 'आय गेव्ह द इंटरव्ह्यू' तोंडात येतं. इंग्रजीत उमेदवार 'अटेंड' करतो. 'तीन वर्षांपासून'चं 'सिन्स थ्री इयर्स' होतं, तिथे 'फॉर थ्री इयर्स' हवं. 'आय पास्ड आउट इन जून' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण परदेशी माणसाला वाटेल की तुला जूनमध्ये चक्कर आली होती. 'ग्रॅज्युएटेड' म्हण.

स्टार्टअपबद्दल माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. स्टार्टअप इंडिया ही योजना १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली, तेव्हापासून प्रत्येक नव्या दुकानाला लोक स्टार्टअप म्हणू लागले. बाबांसारखा एका मालकाच्या नावावर चालणारा धंदा म्हणजे 'प्रोप्रायटरशिप', आणि त्या योजनेतली स्टार्टअपची मान्यता प्रोप्रायटरशिपला मिळत नाही. नाही मिळाली तरी काही बिघडत नाही. एंजल इन्व्हेस्टर, व्हेंचर कॅपिटल, बर्न रेट हे शब्द वर्तमानपत्रात वाचून समजले तरी पुरे. तुम्हाला लागणार आहे तो शब्द 'मायक्रो एंटरप्राइज'. १ एप्रिल २०२५ पासून मशिनरीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि टर्नओव्हर, म्हणजे वर्षाची उलाढाल, दहा कोटींपर्यंत असेल तर त्या गटात मोडतो, म्हणजे तुम्ही आरामात बसता. त्याची उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही पडत नाही. त्यासाठी हजार-दोन हजार घेणारे एजंट आहेत, त्यांना नमस्कार करून तू स्वतः फॉर्म भर. त्या फॉर्मवरचे शब्द हा तुझा दुसरा धडा.

तिसरा धडा बाटलीवरचं लेबल. आगळाच्या बाटलीवर 'नेट क्वांटिटी', 'बॅच नंबर', 'एमआरपी' आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो. 'बेस्ट बिफोर' उलटली की चव, रंग यांची खात्री संपते. 'एक्स्पायरी' उलटली की तो माल विकायचाच नाही. मुंबईच्या एखाद्या दुकानदाराने फोनवर विचारलं तर हा फरक तुला सांगता यायला हवा. आणि आमरसावर 'अल्फान्सो' लिहिणार असाल तर 'ऑथोराइज्ड यूजर' हा शब्द समजून घे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे, पण देवगडात बाग आहे एवढ्यावर त्या नोंदणीचा शिक्का वापरता येत नाही. आपलं नाव त्यात घालून घ्यावं लागतं.

क्लासचं म्हणशील तर हे तीन कागद आधी संपव. त्यानंतरही लावावासा वाटला, तर पैसे भरण्यापूर्वी एक तास फुकट बसून बघ. शिक्षकच पूर्ण वेळ बोलत असतील तर परत ये.

पत्रासोबत पाठवलेला रेझ्युमे मी वाचला. 'एक्स्पीरियन्स'पुढे तू 'फ्रेशर, निल' लिहिलं आहेस. मे महिन्यात पार्सलं कोण बुक करतं, बिलं कोण करतं, उधारी कोण वसूल करतं, असं तुला विचारलं तर उत्तर 'मीच' येणार, हे तुझ्याच पत्रावरून दिसतं. ते 'निल' खोड आणि लिही: 'हँडल्ड ऑर्डर्स, बिलिंग अँड डिस्पॅच इन फॅमिली फूड प्रोसेसिंग बिझनेस'. किती हंगाम आणि हंगामाला साधारण किती पार्सलं, ते आकडे बाबांच्या वहीतून काढ. 'हार्डवर्किंग' आणि 'पंक्च्युअल' हे दोन्ही काढून टाक, तेवढ्या जागेत आकडे बसतील.