‘नुसती घरीच असते मी’

“काय करता?” या माझ्या साध्या प्रश्नाला “काही नाही, नुसती घरीच असते” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय, की ‘नुसती’ हा शब्द आला की माझा कान टवकारतो. पाठोपाठ दुसरं वाक्य ठरलेलं असतं: “घरीच असते, तरी सारखी चिडचिड का होते तेच कळत नाही.”

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली मेधाही (नाव बदललं आहे) हेच म्हणाली. वय ३७. माहेर सांगलीकडचं, सासर पुण्यात. एका खासगी कंपनीत आठ वर्षं अकाउंट्स सांभाळले आणि धाकट्याच्या जन्मानंतर नोकरी सोडली, तीही स्वतःच्या मर्जीने. नवरा समंजस, सासूबाई मदतीला. “मॅडम, तक्रार करायलासुद्धा जागा नाही हो,” असं म्हणाली आणि रडायलाच लागली.

आवडीचं काय करता, असं विचारलं तर म्हणाली, गोधडी शिवते. तिच्या माहेरच्या भाषेत वाकळ. आईचं जुनं नऊवारी, सासूबाईंच्या मऊ झालेल्या सुती साड्या, थरावर थर, कडेपासून आत आत सरकत जाणारा धावदोरा. सांगताना चेहरा खुलला.

“आणखी काही?”

“चित्रं काढते. म्हणजे… नुसत्या रेघोट्या.”

इथे मी चुकले, कबूल करते. “अहो, मग विका की!” असं मोठ्या उत्साहाने म्हणून बसले. तिने नणंदेच्या ओळखीने बाळाच्या दुपट्यांच्या चार ऑर्डरी घेतल्या आणि तिसऱ्या भेटीला आली ती आधीपेक्षा दमून. पैसे आले होते, पण घरच्या वाकळीला महिनाभर सुई लागली नव्हती. तिच्या दुखण्याचाच आणखी एक डोस मी तिला दिला होता. ते तेव्हा कळलं नाही. कळलं पाचव्या भेटीत.

त्या दिवशी तिला बाहेर थोडं थांबावं लागलं. मी दार उघडलं, तशी तिने घाईघाईने काहीतरी पर्समध्ये कोंबलं. बघू म्हटलं. औषधाच्या दुकानाचं बिल, आणि त्याच्या पाठीमागे माझ्या दाराबाहेरच्या चपला पेन्सिलीने काढलेल्या. एका चपलेचा अंगठा तुटला होता, त्याला लावलेली सेफ्टी पिनसुद्धा तिने टिपली होती.

“लपवलंत का?”

“उगाच काढलं होतं हो.”

“वाकळ कुठे बसून शिवता?”

“हॉलमध्ये. टीव्हीसमोर.”

“आणि चित्रं?”

ती बराच वेळ गप्प. “स्वयंपाकघरात. कुकर लावला की, ओट्यावर. कुणी आलं तर कागद उलटा करून ठेवते.”

“वाकळ पांघरता येते,” मी म्हटलं. “चित्र पांघरता येत नाही.”

ती आधी हसली. मग हळूच म्हणाली, “आमची आई टीव्ही बघतानासुद्धा लसूण सोलायची. तिचे हात रिकामे दिसले की आजी विचारायची, बरं नाही का गं?”

तोवर मी तिच्या दोन्ही गोष्टी ‘छंद’ या एकाच खणात टाकल्या होत्या. वास्तविक फरक तिथेच होता. वाकळीला घरात परवाना होता, कारण ती उपयोगाची. चित्राला तो नव्हता. आणि मी ‘विका’ म्हणून वाकळीतला उरलासुरला आनंदही कामाच्या खात्यात जमा करून टाकला होता. इतक्या वर्षांच्या सरावाने एवढं नक्की शिकवलंय, की माणूस काय करतो यापेक्षा तो ते कुठे बसून करतो हे विचारावं.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वाटेने जाणारी. त्याने १९५५पासून जे मांडलं त्यातलं मला सगळ्यांत कामाला आलेलं म्हणजे ‘असावं’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतला फरक. हात कामात असावेत, ही चांगली इच्छा आहे. हात कामात असलेच पाहिजेत, नाहीतर मी बिनकामाची, हा हुकूम झाला. म्हणून तिला विचारलं, “हा नियम मोडला तर नेमकं काय होईल?” तिला सांगता येईना. मग मोडूनच बघायचं ठरलं: दहा दिवस, रोज पंधरा मिनिटं, हॉलमध्ये बसून चित्र. गॅसवर काही नाही. कुणी विचारलं तर “चित्र काढतेय”, पुढे ‘म्हणून’ नाही.

पहिल्या दिवशी तिने शेजारी मटार सोलायचं ताट ठेवलं होतं! चौथ्या दिवशी ताट गेलं. सासूबाईंनी डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “माझा चष्मा एवढा वाकडा आहे?” झालं ते एवढंच.

घरकामाचं मोल सांगणारे आकडे माझ्याकडे आहेत. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, पुरुषांचा ९७. जमशेदपूरच्या आगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३००० रुपये धरलं, तेही ती गेल्यानंतर, भरपाईपुरतं. हे मी नवऱ्यांना आवर्जून ऐकवते. बायकांना जपून सांगते, कारण त्या लगेच नव्या हिशेबाला बसतात: मग मी २९९ मिनिटं भरते का?

तुमचंही असं होत असेल तर दिवसभरात ‘नुसतं’, ‘उगाच’, ‘वेळ होता म्हणून’ हे शब्द कितीदा येतात ते आधी ऐका. काम संपलं की बसेन, असं म्हणू नका. घरकाम संपत नसतं. वेळ घरच्यांकडे मागू नका, त्यांना सांगा. पैसे हवे असतील तर जरूर विका, पण एक तरी गोष्ट बिनविक्रीची ठेवा. आणि झोप उडाली असेल, आवडीच्या कामातही आठवडेच्या आठवडे मन लागत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

मेधा मागच्या महिन्यात भेटून गेली. दुपट्यांच्या दोन ऑर्डरी घेतल्यात, तिसरी नाकारली. मुलीने विचारलं होतं, “आई, हे चित्र कशासाठी?” तर म्हणाली, “काढावंसं वाटलं.”

“आणि ती वाकळ? पावसाळ्याआधी होईल?”

“होईल तेव्हा होईल,” म्हणाली, आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागली.