ओपन सोर्समध्ये चांगलं नाव कसं कमवायचं? नुसता चांगला कोड पुरेसा नाही का?

प्रश्नकर्त्याने लिहिलंय की दोन पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) पाठवल्या, आठवडे गेले, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग विचारलंय, कोड चांगला असेल तर गोड बोलायची गरजच काय?

मी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा, सर्वांना खुला कोड) सांभाळतो आणि या मुद्द्यावर माझं माझ्या सहकाऱ्याशी जुनं भांडण आहे. ‘कोड स्वतःच बोलतो’ हे त्याचं आवडतं वाक्य, आणि मला ते साफ अमान्य आहे. कोड कुणालातरी वाचावा लागतो, तपासावा लागतो, पुढची कित्येक वर्षं सांभाळावा लागतो. हा त्रास जो कमी करतो त्याचं नाव होतं.

आमच्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली मजकूर फाइल) आयातीत एक बग होता. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह केलेली फाइल दिली की पहिला कॉलम सापडायचाच नाही. अशा फाइलच्या सुरुवातीला बीओएमचे (मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये आहे ते सांगणारी खूण) ३ बाइट असतात. एडिटरमध्ये ते दिसत नाहीत, पण पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटून बसतात. पायथनमध्ये यावरचा उपाय एका शब्दाचा: फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ ऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ द्यायचं.

एकाने हा उपाय अचूक शोधून पीआर पाठवला. पण त्याच्या एडिटरने सेव्ह करताना सगळ्या फाइली फॉर्मॅट करून टाकल्या. कोट्स बदलले, इम्पोर्टचा क्रम बदलला, एका शब्दाचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) शेकडो ओळींचा झाला. कमिट मेसेज (नोंदवलेल्या बदलासोबतची टीप) काय, तर ‘फिक्स’. टेस्ट नाही. फॉर्मॅटिंग वेगळं काढ म्हटल्यावर उत्तर आलं, ‘चालतंय ना? मग मर्ज करा.’ सहकारी म्हणाला, उपाय बरोबर आहे, घेऊन टाकू. मी अडून बसलो. असा डिफ घेतला की इतर उघड्या पीआरमध्ये कॉन्फ्लिक्ट (त्याच ओळींवर टक्कर) होतात, आणि पुढे गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात ब्लेम (कोणती ओळ कुठल्या कमिटने बदलली ते दाखवणारी आज्ञा) केलं की प्रत्येक ओळीवर तेच ‘फिक्स’ दिसतं.

त्याच बगवर आणखी एकीने इश्यू (प्रकल्पाच्या पानावर बगची नोंद) लिहिला होता. कोडची एक ओळ नव्हती त्यात. लायब्ररीची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, दोन ओळींची नमुना फाइल, हेक्सडंपमधले (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारी यादी) पहिले ३ बाइट आणि याच लक्षणाच्या जुन्या इश्यूची लिंक, एवढंच. तिच्या नमुन्यावरून टेस्ट लिहायला काही मिनिटंही लागली नाहीत. आता तिचं काहीही आलं की आम्ही दोघंही आधी तेच उघडतो, सहकारीसुद्धा!

तेव्हा पीआरमध्ये एकच बदल ठेवा. गिट ॲडला -पी लावून तुकडे निवडा म्हणजे नको ते आत जात नाही. कमिटची पहिली ओळ साधारण ५० अक्षरांची, खाली ‘का’ बदललं ते. रिव्ह्यू सुरू झाल्यावर इतिहास पुसून फोर्स-पुश (जुन्या कमिटच्या जागी जबरदस्तीने नवे चढवणं) करू नका, वाचणाऱ्याला काय बदललं ते कळत नाही. फिक्सअप कमिट (आधीच्या कमिटची दुरुस्ती) जोडत जा, शेवटी ऑटोस्क्वॅश करा (त्या मूळ कमिटमध्ये मिसळा). उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा. लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नियमांतही किमान एक आठवडा सांगितलाय. मग एकदाच, सौम्यपणे आठवण करा. इश्यू घेतलात आणि जमेना, तर ‘सोडतोय, एवढं तपासलं’ असं लिहून मोकळं करा. गुपचूप अडवून ठेवलेला इश्यू लोकांच्या लक्षात राहतो.

सगळ्यात पटकन ओळख होते ती दुसऱ्यांच्या पीआर चालवून बघितल्याने. ‘या आवृत्तीवर चालवलं, रिकाम्या फाइलवर फुटतं’ ही एक ओळ मेंटेनरला (प्रकल्प सांभाळणाऱ्याला) सोन्यासारखी वाटते. हे कुणी करत नाही म्हणूनच ते दिसतं. उलट केवळ संख्या वाढवायला पाठवलेल्या पीआरचं काय होतं ते २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (पीआर पाठवण्याची ऑक्टोबरमधली स्पर्धा) दिसलं. रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीत) एखादा शब्द घुसवलेल्या पीआरचा इतका पूर आला की ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिलाय त्यांच्याच पीआर मोजायच्या, असा नियम स्पर्धा चालू असतानाच करावा लागला.

लिनक्सचा निर्माता लिनस टॉरवाल्ड्स याचं उदाहरण देऊन ‘उद्धट असलं तरी चालतं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने स्वतःच आपल्या बोलण्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाला आणि त्याच सुमारास कर्नलने नवी आचारसंहिता स्वीकारली.

एक मात्र सांगायला हवं. चांगुलपणावरून मिळालेला विश्वास वापरूनही घात होतो. एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रकल्पात ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं मदत करून मेंटेनर झालं आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचा दरवाजा (गुपचूप आत शिरायची वाट) घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची पद्धत) लॉगिन साधारण अर्ध्या सेकंदाने मंदावलेलं दिसलं, त्यावरून ते उघडकीला आलं. घातक कोड लपवला होता टेस्टच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाइलींत. म्हणून कमिटचे (थेट कोड घालायचे) अधिकार स्वतःहून मागू नका, आणि टेस्टसाठी बायनरी फाइल द्यावीच लागली तर ती तयार करणारी स्क्रिप्टही सोबत द्या.