काप दाग्दला जाताय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दक्षिण फ्रान्समधल्या काप दाग्दबद्दल सध्या बरीच पत्रं येताहेत. काही उघड विचारतात, काही आडून. निवडक पाच घेतली आहेत.

प्रश्न : जूनमध्ये सासू-सासरे आणि दोन मुलांसह आठवडाभर जातोय. अपार्टमेंटचे पैसे भरले आणि आता ऑफिसात कळलं की तिथे सगळे विवस्त्र फिरतात! बुकिंग रद्द करू का?

रद्द करू नका, आधी पत्ता नीट वाचा. काप दाग्द हे साधं सुट्टीचं गाव आहे. सुट्टीसाठी स्पेनकडे जाणारा माणूस देशातच थांबावा म्हणून फ्रेंच सरकारने १९६३ पासून डासांनी भरलेला हा किनारा विकसित करायला घेतला, त्यात हे उभं राहिलं. विवस्त्र राहणाऱ्यांची वसाहत गावाच्या एका टोकाला, कुंपणाआड आहे. फाटकावर पैसे भरूनच आत जाता येतं. बाहेर सगळे कपड्यांत असतात.

गोम जाहिरातींत असते. खोलीचे, बाल्कनीचे फोटो सगळीकडे सारखेच दिसतात. पत्त्यात ‘पोर नातुर’ (Port Nature), ‘एलिओपोलिस’ (Héliopolis) किंवा ‘व्हिलाज नातुरिस्त’ (Village Naturiste) असेल तर ती जागा कुंपणाच्या आत आहे, ताबडतोब बदला. नसेल तर सासूबाईंना खुशाल न्या. ग्रांद काँक नावाच्या किनाऱ्यावरची वाळू ज्वालामुखीच्या खडकाची, काळीभोर आहे. दुपारी पाय भाजतात, सकाळी जा. समोर समुद्रात ब्रेस्कूचा किल्ला दिसतो. कधीकाळी तो तुरुंग होता. जंजिरा पाहिलेल्यांना तो चिमुकला वाटेल, पण उन्हाळ्यात बोटीने जवळून पाहायला मुलांना मजा येते.

प्रश्न : आम्ही चाळिशीतलं जोडपं. त्या वसाहतीत एक दिवस-रात्र काढायची उत्सुकता आहे. नुसतं बघायला जाता येतं का?

जाता येतं, पण बघ्या म्हणून जाऊ नका. १९५०च्या दशकात ओल्ट्रा कुटुंबाच्या जमिनीवर तंबू ठोकून राहणाऱ्या निसर्गवादी, म्हणजे विवस्त्र राहणं पसंत करणाऱ्या, मंडळींपासून हे सुरू झालं. आज आत सुपरमार्केट आहे, हॉटेलं आहेत आणि एलिओपोलिस ही घोड्याच्या नालेच्या आकाराची थोरली इमारत आहे. ब्रेड घेताना रांगेतला पुढचा माणूस फक्त चपला आणि टोपी घालून उभा असतो, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. किनाऱ्यावर कपडे उतरवणं हा नियमच आहे. पोहण्याच्या पोशाखात बसलात तर तुम्हीच विचित्र दिसाल. बसायच्या जागी स्वतःचा टॉवेल पसरायचा, हा इथला पहिला शिष्टाचार.

फोन पिशवीत ठेवा. खासगी जागेत कुणाचा संमतीशिवाय फोटो काढला, तर फ्रेंच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद आणि ४५,००० युरोपर्यंत दंड आहे.

रात्रीचा प्रकार निराळा. इथे जोडप्यांसाठीचे मुक्त संबंधांचे क्लब आहेत आणि जुन्या निसर्गवाद्यांना ते फारसे रुचत नाहीत. त्यांच्या लेखी विवस्त्र राहणं आणि कामक्रीडा यांचा काही संबंध नाही. मला त्यांचं पटतं. गंमत म्हणजे दिवसभर कपड्यांविना असलेली माणसं क्लबला जाताना नटूनथटून निघतात. पुरुषाने बर्म्युडा घातला तर दारातच अडवतील. आत गेलात म्हणजे काही करायलाच हवं असं नाही. पेय घेऊन बसलात तरी चालतं, आणि ‘नको’ म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारू नये हा तिथला संकेत आहे. त्या ‘नको’बद्दल तुम्हा दोघांचं मात्र घरून निघण्याआधीच एकमत असू द्या. आणि उघड्या किनाऱ्यावर चारचौघांत संभोग हा विवस्त्र वसाहतीतही गुन्हाच आहे.

प्रश्न : गाडी चालवणार नाही. तीन दिवसांत आसपास काय बघावं?

काप दाग्दपेक्षा आसपासचा मुलूखच जास्त श्रीमंत आहे, हे माझं ठाम मत. स्टेशन आग्द या जुन्या गावात आहे. काप दाग्दहून तिथवर बस जाते. आग्दचं काळ्या बेसॉल्टचं कॅथेड्रल बाहेरून गढीसारखं दिसतं. सह्याद्रीतल्या माणसाला दगड लगेच ओळखू येईल! मग कानाल द्यु मिदी पाहा. १६६६ ते १६८१ मध्ये पिएर-पॉल रिके याने खोदवून घेतलेला हा कालवा तुलूजहून येऊन ‘तो’ (Thau) नावाच्या खाजणाला मिळतो. बोटी वरखाली करणारे बाकीचे लॉक लांबट; आग्दचा गोल, तीन दरवाजांचा. बोट आत फिरून हव्या त्या फाट्याला लागते. एक बोट पार होईपर्यंत काठावर उभे राहाच. गावच्या नदीत १९६४ साली सापडलेला तरुणाचा प्राचीन ब्राँझ पुतळा काप दाग्दमधल्या संग्रहालयात आहे, तो परतल्यावर बघा.

दुसरा दिवस सेत या शहराला. आगगाडीने जवळ आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात गेलात तर कालव्यातल्या झुंजी चुकवू नका. लाल आणि निळी अशा दोन वल्ह्यांच्या नावा समोरासमोर येतात, मागच्या उंच शिडीवर पांढऱ्या कपड्यातला गडी भाला-ढाल घेऊन उभा, सनईच्या जातीचं वाद्य आणि ढोल वाजतोय, आणि क्षणात दोघांपैकी एक पाण्यात!

तिसरा दिवस बसने पेझनासला. नाटककार मोलिएर या गावात राहून गेला. तिथे दोऱ्याच्या रिळाएवढी गोडसर खिम्याची पेस्ट्री मिळते. १७६८ मध्ये इथे मुक्कामी आलेल्या रॉबर्ट क्लाइव्हच्या भारतीय स्वयंपाक्यांनी ती शिकवली, असं गावकरी सांगतात. प्लासीच्या लुटीतलं एवढं तरी कुणाच्या तोंडी लागलं म्हणायचं.

प्रश्न : आम्ही चार मित्र, तिशीतले. नाइटलाइफ कुठे?

‘ईल दे लुआझीर’ या भागात बार, डिस्को आणि जत्रेचे पाळणे आहेत. मध्यरात्रीआधी डिस्कोत गेलात तर रिकामी फरशी बघत बसाल. नुसत्या पुरुषांच्या टोळक्याला दारावर बऱ्याचदा नकार मिळतो. वाद घालू नका, दुसरीकडे जा. जोडप्यांच्या क्लबचं तर नावच काढू नका. कॅसिनोत अठरा पूर्ण हवीत, पासपोर्ट मूळचा न्या. आणि तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल : फ्रान्समध्ये २०१६ पासून पैसे देऊन शरीरसंबंध घेणाऱ्या गिऱ्हाइकाला १,५०० युरोपर्यंत दंड आहे. रात्री उशिरा बस नाही, टॅक्सीही मुश्किलीने मिळते. चालत परतता येईल अशीच खोली घ्या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. आणि समुद्र मुलांसाठी सुरक्षित आहे का?

सेतची प्रसिद्ध तिएल म्हणजे ऑक्टोपसची पोळी, पेझनासच्या पेस्ट्रीत मटण. दोन्ही तुमच्यासाठी बाद. अपार्टमेंटमध्ये स्वयंपाकघर असतं; पिठलं करा, बाजारातले पीच आणि टोमॅटो भरपूर खा.

समुद्राचं म्हणाल तर लाटांपेक्षा वाऱ्याची धास्ती जास्त बाळगा. त्रामोंतान हा वायव्येचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळ पाणी शांत दिसतं आणि फुगवलेली ट्यूब मुलासकट आत जाते. वारा सुटला की ट्यूबमधली हवा काढून ती पिशवीत भरा. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालू नका. मदतीसाठी ११२.