तो ‘ऑफ’ नक्की कुणाचा?

तुझा प्रश्न थोडक्यात असा : क्लासच्या सरांनी ‘टर्न ऑफ इट’वर लाल फुली मारली आणि ‘टर्न इट ऑफ’ लिहायला लावलं. तोच नियम धरून तू ‘लुक हिम आफ्टर’ लिहिलंस, तर त्यावरही फुली. आता तीनशे फ्रेजल व्हर्बची (म्हणजे क्रियापद आणि ‘ऑफ’, ‘अप’सारखा छोटा शब्द अशा जोड्यांची) यादी घेऊन सकाळी रंकाळ्यावर फेऱ्या मारत पाठांतर चालू आहे, आणि त्याचा उपयोग होईल का असं विचारतोस. काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतो.

यादी जरा बाजूला ठेव. आधी एवढंच बघ, की क्रियापदामागून येणारा तो छोटा शब्द कुणाचा? क्रियापदाचा, की पुढच्या नामाचा?

मराठीत हा घोळ होत नाही. आपलं शब्दयोगी अव्यय नामाला चिकटतं आणि चिकटताना नामाचं रूपही बदलतं. घोडा, घोड्यावर. फाटा, फाट्यापाशी. कोण कुणाचं ते डोळ्यांना दिसतं. इंग्रजीत तो शब्द दोघांच्या मध्ये मोकळा उभा असतो. लग्नाच्या फोटोत मधोमध उभा असलेला पाहुणा मुलाकडचा की मुलीकडचा, हे जसं कळत नाही, तसं.

तुझाच ‘टर्न ऑफ’ घे. ‘वी टर्न्ड ऑफ द मोटर’ म्हणजे मोटर बंद केली. ‘वी टर्न्ड ऑफ द हायवे’ म्हणजे सांगली फाट्याला हायवे सोडून वळलो. दिसायला दोन्ही वाक्यं जुळी. आता मोटर आणि हायवे काढून तिथे ‘इट’ आण. मोटरचं होतं ‘टर्न्ड इट ऑफ’ आणि हायवेचं ‘टर्न्ड ऑफ इट’. हायवेला ‘टर्न्ड इट ऑफ’ म्हणालास, तर बटण दाबून हायवे बंद केला असा अर्थ होईल. (ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेनं शिरोलीजवळ तो खरंच बंद करून दाखवला होता, ती गोष्ट वेगळी.)

मोटरच्या वाक्यातला ‘ऑफ’ क्रियापदाच्या घरचा. व्याकरणात त्याला ॲडव्हर्ब पार्टिकल म्हणतात. कर्म ‘इट’, ‘हिम’, ‘देम’ असं सर्वनाम असेल, तर ते क्रियापद आणि पार्टिकल यांच्या मध्येच बसतं. नाम असेल तर ‘टर्न ऑफ द मोटर’ही चालतं, ‘टर्न द मोटर ऑफ’ही चालतं, फक्त कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवतात, नाहीतर ‘ऑफ’ येईपर्यंत ऐकणारा दमतो. हायवेच्या वाक्यातला ‘ऑफ’ मात्र आपल्या ‘वरून’सारखा, हायवेला बांधलेला. तो प्रेपोझिशन, तो आपल्या नामाच्या आधीच राहणार. ‘लुक आफ्टर हिम’मधला ‘आफ्टर’ याच जातीचा, म्हणून तुझी दुसरी फुली.

कानालाही हा फरक कळतो. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर येतो. ‘लुक ॲट इट’मधला ‘ॲट’ घाईत गिळला जातो.

काही ठिकाणी दोन्ही जाती एकदम येतात. ‘पुट अप विथ’मध्ये ‘अप’ क्रियापदाचा आणि ‘विथ’ पुढच्याचा. आपल्याकडच्या मेलमध्ये हमखास दिसणारी चूक इथलीच : ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू’. ‘टू’ आला की क्रियापदाचं मूळ रूप, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. पण हा ‘टू’ प्रेपोझिशन आहे, त्याला पुढे नाम किंवा नामासारखं काहीतरी लागतं, म्हणून ‘हिअरिंग’. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ तर फुकटचा. तो बहुतेक ‘कीप अप विथ’मधून उठून आला असावा. नुसतं ‘कोप विथ’ म्हण.

आता अर्थाचं. यादीच्या भरवशावर राहिलं की काय होतं, ते स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत एक्सपोर्टचा पत्रव्यवहार बघायचो. इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा मेल आला, की मार्चमध्ये ते २०० हाउसिंग्ज (यंत्राची ओतीव कवचं) ‘कॉल ऑफ’ करताहेत. माझ्या पाठांतरात कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे. मी धावत शॉप फ्लोअरवर गेलो, पॅटर्न उतरवायला लावला, दोन दिवस मोल्डिंग दुसऱ्याच जॉबला दिलं. मग त्यांचा फोन आला : माल कधी निघतोय? वर्षाची एकत्र ब्लँकेट ऑर्डर असली, की त्यातून लागेल तसा माल मागवण्याला खरेदी खात्याच्या भाषेत ‘कॉल ऑफ’ म्हणतात. म्हणजे मी समजलो त्याच्या बरोब्बर उलट. मालकांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ‘ऑर्डर रद्द’ या अर्थी तो शब्द आहेच, यादी चुकीची नव्हती. फक्त मेलमध्ये वर ‘ब्लँकेट ऑर्डर’ लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही.

तरी अर्थ अगदीच वाऱ्यावर नसतात. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ यांतल्या ‘अप’चा वर जाण्याशी काही संबंध नाही. आपण ‘खाऊन टाक’, ‘पिऊन टाक’, ‘संपवून टाक’ म्हणतो, त्यातला ‘टाक’ तरी कुठे काय टाकतो? काम पुरतं उरकायचं, एवढंच तो सांगतो. ‘राईट डाऊन’ म्हणजे ‘लिहून ठेव’, ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून दे’. इंग्रजीचं हे काम पुष्कळदा ‘टाक, दे, ठेव, घे, बस’ यांच्यासारखं आहे. जोड्या एकास एक लागत नाहीत, पण मराठी माणसाला हा प्रकार परका नाही. बाहेरच्या माणसाला ‘नाद’ आणि ‘खुळा’ वेगवेगळे सांगून ‘नाद खुळा’ कळेल का?

शाळेत संस्कृत घेतलं असशील तर प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार आठव. धातू एकच, उपसर्ग त्याचा अर्थ ओढून भलतीकडे नेतात. आणि गंमत बघ, वेदांच्या भाषेत हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, मध्ये चार शब्द टाकूनही येत. पुढे ते चिकटले. इंग्रजीचा प्रवास बराचसा उलटा. जुन्या इंग्रजीत असे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी जोडलेले असत, त्यातले ‘ओव्हरकम’, ‘अंडरस्टँड’ अजून शिल्लक आहेत, बाकीचे सुटून मागे गेले.

तेव्हा तीनशेची यादी पाठ करू नकोस, पण फेकूही नकोस. वहीत नुसतं ‘टर्न ऑफ’ लिहिण्याऐवजी ‘टर्न समथिंग ऑफ’ आणि ‘लुक आफ्टर समबडी’ असं लिही. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या कोशांत असंच छापतात. ‘समथिंग’ मध्ये आहे की शेवटी, हे बघितलं की ‘इट’ कुठे बसणार ते कळतं. आणि प्रत्येकापुढे आपल्या घरातलं, गल्लीतलं एक वाक्य लिही.

शेवटी विचारलंयस, की घरात आपण ‘लाईट ऑफ कर’ म्हणतो ते चूक का. अरे, ते इंग्रजी नाहीच. आपण ‘टर्न’ सोडून दिला, ‘ऑफ’ ठेवून घेतला आणि त्याला आपलं ‘करणे’ जोडलं. त्यावर सरांनी फुली मारली तर मला सांग.